पांढरं जाणं, जांघेतली खाज आणि कपाटातली ती ट्यूब

प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, माध्यमिक शाळेत शिक्षिका, दोन बाळंतपणं झालेली. चार-पाच महिन्यांपासून जांघेत आणि 'खाली' खाज येते, रात्री जास्त. अधूनमधून अंगावरून पांढरं जातं. रोज दोनदा इंटिमेट वॉश वापरते, अंघोळीच्या पाण्यात अँटिसेप्टिकचं एक झाकण टाकते. मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब लावली की चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. सासूबाई म्हणतात, हाडं झिजून पांढरं जातंय, कंबर त्यानेच दुखते. जाऊबाईंची पिशवी याच कारणावरून काढली, म्हणून धास्ती बसली आहे. शेवटी विचारलंय, मुलगी १२ वर्षांची आहे, तिला काय शिकवू?

आधी धास्तीचं बोलू, कारण ती मनात असली की बाकीचं डोक्यात शिरत नाही.

अंगावरून पांढरं जाण्याचा आणि हाडांचा काहीही संबंध नाही. योनीमार्ग आणि गर्भाशयाचं तोंड या दोन्ही ठिकाणी ओलावा तयार होतो, त्यात जुन्या पेशी मिसळतात आणि ते बाहेर येतं. पाळी चालू असलेल्या वयात दिवसाला चहाच्या चमचाभरापर्यंत स्राव हा अगदी नेहमीचा. पाळी संपल्यावर दोन-तीन दिवस कोरडं वाटतं. मग तो वाढत जातो, महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा पारदर्शक आणि बोटांत धरला तर ताणला जाणारा होतो, त्यानंतर पुन्हा घट्ट आणि दुधट. गरोदरपणात आणि काही जणींना गर्भनिरोधक गोळ्यांवर असताना तो वाढतो. चड्डीवर वाळला की पिवळसर दिसतो. काळ्या किंवा गडद चड्डीचा मधला भाग काही महिन्यांत भुरकट, विटका होतो, ते पाहून कितीतरी बायका घाबरून येतात. तो रंग आम्लाने उडतो, आणि आम्ल तिथे असायलाच हवं. ते का, हे पुढे सांगते.

कंबर दुखते हे खरं असणार. पण दिवसभर फळ्यापुढे उभं राहणं, घरी आल्यावर ओट्यापुढे उभं राहणं, दोन बाळंतपणांनंतर सैल पडलेले पोटाचे स्नायू, ही कारणं आधी बघायची. थकवा असेल तर हिमोग्लोबिन तपासायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय निघाला. त्याचा सगळा दोष 'पांढरं जाण्यावर' ढकलला की लोहाच्या गोळीपर्यंत कुणी पोचतच नाही.

आणि पिशवी. जाऊबाईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलणार नाही. तुमच्याबद्दल मात्र ठामपणे सांगते: नुसतं पांढरं जातं, म्हणून गर्भाशय काढायचं नसतं. स्राव येतो त्याचं कारण बहुतेक वेळा योनीमार्गात असतं, त्यावर उपाय चार-सात दिवसांच्या औषधाचा असतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यातल्या बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातंय, पोट दुखतंय, पुढे कॅन्सर होईल, अशी भीती घातली गेल्याचं त्यातल्या अनेकींनी सांगितलं. सासूबाईंना यातली एक गोष्ट जरूर सांगा. पांढरं गेल्याने हाडं झिजत नाहीत, पण कमी वयात पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर मात्र ती खरोखर झिजायला लागतात.

हे सगळं वाचून 'म्हणजे काहीच नाही, सहन करायचं' असा अर्थ काढू नका. ती चूक आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या झालेली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या ६५० बायका तपासल्या, तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक अवयवांचा कोणता ना कोणता आजार आढळला आणि त्यापूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. जगभरच्या सार्वजनिक आरोग्यवाल्यांना त्या आकड्यांनी जागं केलं. तेव्हा नेहमीचं काय आणि आजार कोणता हे ओळखता यायला हवं.

ओळखायचं कसं? रंग, वास, खाज आणि बदल या चारांवरून. स्राव फुटलेल्या दुधासारखा गुठळ्या-गुठळ्यांचा, वास जवळपास नाही, पण खाज इतकी की झोप मोडते, आजूबाजूची त्वचा लालबुंद, लघवी लागली की चरचरतं: हे बुरशीचं, कॅन्डिडाचं लक्षण. आयुष्यात एकदा तरी चारांतल्या तीन बायकांना ते होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. स्राव पातळ, करडा, खाज फारशी नाही, पण माशासारखा वास, आणि तो शरीरसंबंधानंतर वाढतो: इथे योनीतल्या जिवाणूंचा तोल गेलेला असतो. हिरवट-पिवळा, फेसाळ, घाण वासाचा आणि आग होणारा स्राव असेल तर ट्रायकोमोनास नावाचा परजीवी जंतू असू शकतो. तो संबंधातून पसरतो, त्यामुळे नवऱ्यालाही औषध लागतं. एकीने घेतलं आणि दुसऱ्याने नाही, तर महिन्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. सरकारी दवाखान्यातल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या विभागात, या तक्रारीसाठी हिरव्या रंगाचं किट फुकट मिळतं. त्यात सेक्निडॅझॉल आणि फ्लुकोनॅझॉल अशा गोळ्या असतात. गरोदर असाल किंवा शंका असेल तर आधी सांगायचं, कारण तोंडाने घ्यायचं फ्लुकोनॅझॉल गरोदरपणात टाळतात.

पाळीच्या मध्येच किंवा संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यानंतर पुन्हा डाग दिसणं, रक्तमिश्रित घाण वासाचं पाणी जाणं, ताप आणि ओटीपोटात दुखणं: यातलं काहीही असलं तर 'आठवडाभर वाट पाहू' असं करू नका.

आता धुण्याचं. तुमच्या पत्रातलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य 'रोज दोनदा इंटिमेट वॉश आणि अँटिसेप्टिकचं झाकण' हे आहे, आणि ते तुम्ही स्वच्छतेचा पुरावा म्हणून लिहिलंय.

योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जिवाणू राहतात. १८९२ साली डोडरलाइन या जर्मन डॉक्टरने त्यांचं वर्णन केलं. आपण विरजण लावतो त्यातल्या जिवाणूंचे हे भाऊबंद. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे योनीच्या अस्तरात एक प्रकारची साखर साठते, तिच्यापासून हे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू (पीएच) ३.८ ते ४.५ इतका आंबट ठेवतात. त्या आंबटपणात त्रास देणाऱ्या जिवाणूंना डोकं वर काढता येत नाही. दह्याच्या भांड्यात कुणी साबणाचं पाणी ओतलं तर काय होईल, तेच योनीत साबण, अँटिसेप्टिक, फिटकरीचं पाणी किंवा लिंबू घातल्यावर होतं. अंगाच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो. राखणदार मारले जातात, मग वास येतो, वास आला म्हणून बाई आणखी धुते. पिचकारीने आत पाणी मारून धुण्याची सवय असलेल्या बायकांमध्ये जिवाणूंचा तोल बिघडणं आणि ओटीपोटातला जंतुसंसर्ग दोन्ही जास्त आढळतं.

इंटिमेट वॉशच्या बाटलीवर 'पीएच संतुलित' लिहिलेलं असतं. ते खरं असलं तरी प्रश्न उरतो, की ते लावायचं कुठे. योनीमार्ग आतून स्वतःच साफ होतो, तिथे त्याची गरज नाही. बाहेरच्या त्वचेला साधं पाणी पुरतं. वर त्यात सुगंध, रंग आणि टिकवण्यासाठीची रसायनं असतात, नाजूक त्वचेला आग-खाज होण्याचं ते एक नेहमीचं कारण. ज्यांना वापरून काही त्रास नाही त्यांनी बाहेरून वापरलं तर माझी हरकत नाही. पण खाज चालू असताना ते वापरणं म्हणजे आगीत तेल.

मग करायचं काय? दिवसातून एकदा, घामाच्या दिवसांत दोनदा, कोमट किंवा साध्या पाण्याने, हाताने, बाहेरून. योनीच्या दोन्ही ओठांच्या घडीत पांढरा चिकट थर साठतो, तो बोटाने हलकेच पाण्याखाली निघतो. त्यासाठी घासणी नको, पंचाने खसाखसा पुसणं नको. जांघा आणि केसांचा भाग, तिथे घाम येतो, तिथे सौम्य साबण चालतो. कढत पाणी टाळा, खाजेवर कढत पाणी घेतलं की क्षणभर स्वर्ग वाटतो आणि अर्ध्या तासाने दुप्पट खाज सुटते. टिपून कोरडं करा. शौचानंतर हात पुढून मागे गेला पाहिजे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण हल्ली संडासात जेट स्प्रे असतो, आणि तो मागच्या बाजूने धरून जोरात मारला की मागचं सगळं पाणी पुढे येतं. फवारा पुढून धरा, जोर कमी ठेवा.

एवढं झालं तरी तुमची जांघेतली खाज जाणार नाही. ती वेगळी गोष्ट आहे, आणि माझा संशय त्या ट्यूबवर आहे.

ट्यूब हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन यांतलं एखादं नाव, आणि त्याच्यापुढे क्लोट्रिमॅझॉल किंवा मायकोनॅझॉल, निओमायसिन किंवा जेंटामायसिन अशी दोन-तीन नावं सापडतील. पहिलं नाव स्टेरॉइडचं. म्हणजे बुरशी, जिवाणू आणि सूज, तिघांना एकाच ट्यूबने मारण्याचा बेत. प्रत्यक्षात होतं असं की स्टेरॉइड दोन दिवसांत खाज आणि लाली दाबतं, तुम्हाला बरं वाटतं, तुम्ही ट्यूब बंद करता. त्वचेची प्रतिकारशक्तीही दबलेली असल्याने बुरशी तोवर मजेत पसरते. पुन्हा खाज, पुन्हा ट्यूब. काही महिन्यांनी या बुरशीचा, म्हणजे गजकर्णाचा, तो ठरावीक गोल, कडेला उठलेला चट्टा ओळखूसुद्धा येत नाही. मांडीच्या आतल्या बाजूला गरोदरपणात पोटावर येतात तसे जांभळट वळ उमटतात, आणि ते वळ पुढे फिके पडले तरी पुसले जात नाहीत. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायची कितीतरी स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा यादीत टाकली. काउंटरवर काय चालतं ते तुम्हाला मला दोघींना ठाऊक आहे.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या देशात गजकर्ण चिवट झालंय ते काही उगाच नाही. त्यातल्या एका बुरशीला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नावच पडलं, आणि टर्बिनाफिन हे पूर्वी हमखास चालणारं औषध तिच्यावर पुष्कळदा चालत नाही. त्यामुळे पूर्वी दोन आठवड्यांत बरी होणारी जांघेतली खाज आता सहा-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त, नेटाने औषध मागते. चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर औषध चालू ठेवायला सांगतात ते याच कारणाने. आणि घरात नवऱ्याला किंवा मुलांना तशीच खाज असेल तर सगळ्यांनी एकदम औषध घ्यायचं, टॉवेल वेगळे ठेवायचे. एकाच दोरीवर एकच टॉवेल सगळ्या घराला, ही आपली जुनी खोड इथे महागात पडते.

पण जांघेतली प्रत्येक खाज गजकर्ण नसते. घडीच्या अगदी तळाशी ओलसर लालबुंद पट्टा आणि कडेला बारीक बारीक पुटकुळ्या असतील तर कॅन्डिडा. दोन्ही बाजूंना सारखंच, खाजेपेक्षा आग जास्त, आणि पॅड जिथे टेकतो बरोबर त्या आकारात लाली असेल तर काहीतरी सोसत नाहीये: पॅड, साबण, धुण्याची पावडर, केस काढायचं क्रीम. नुसत्या मांड्या घासून त्वचा जाड, काळपट झाली असेल तर औषधाचं कामच नाही, सुती सायकलिंग शॉर्ट किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर पुरतो. टाल्कम पावडर नको. घामात तिचे गोळे होऊन घासणं वाढतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला 'कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता' या गटात टाकलंय. फायदा नाहीच, तर जोखीम कशाला घ्या.

तिथल्या काळेपणाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निम्म्या जणी विचारतात. तिथली त्वचा इतर अंगापेक्षा गडदच असते, बाळंतपणानंतर आणखी गडद होते. उजळवणारी क्रीमं तिथे लावू नका, बस. मात्र मानेवर, काखेत आणि जांघेत एकदमच मखमलीसारखी जाड काळी त्वचा आली, वजन वाढतंय, तर साखर तपासा.

साखरेवरून आठवलं. वारंवार बुरशी होते, वर्षातून चार-चार वेळा, तर मधुमेहाची तपासणी हवीच. कित्येक बायकांचा मधुमेह पहिल्यांदा या खाजेतूनच कळतो. आणि ज्यांना मधुमेह आधीच आहे त्यांनी गोळीचं नाव पाहावं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीतून बाहेर टाकतात. हृदयाला आणि किडनीला त्या चांगल्या, आणि २०२० नंतर डापाग्लिफ्लोझिन स्वस्त झाल्याने घरोघरी पोचली. पण गोड लघवीचे थेंब जिथे राहतात तिथे बुरशीची चंगळ. गोळी स्वतःहून बंद करू नका, देणाऱ्या डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा, आणि लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपत जा.

शाळेचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, की तिथलं बाथरूम धड नाही म्हणून पाणीच पीत नाही. शिक्षिका, बस कंडक्टर, महिला पोलीस, बाजारात भाजी विकणाऱ्या मावश्या, सगळ्यांचं हेच. बाईची लघवीची नळी जेमतेम चार सेंटीमीटर लांबीची, जंतूंना मूत्राशयापर्यंत पोचायला अंतरच नाही. वेळच्या वेळी लघवीला जाणं हेच त्यांना बाहेर ढकलण्याचं साधन. ते आठ-आठ तास रोखलं की उन्हाळी लागते. त्यावर धण्याचं पाणी, सब्जा घ्यायला हरकत नाही, पण ताप, कुशीत दुखणं किंवा लघवीत रक्त दिसलं तर लघवी तपासल्याशिवाय राहू नका. बाथरूमचा प्रश्न हा तुमचा वैयक्तिक नाही, स्टाफमधल्या चौघी-पाचजणींनी मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी द्या. एकटीने तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

कपड्यांचं थोडक्यात. सुती चड्डी, मांडीत न रुतणारी, घाम आला की बदललेली. रात्री चड्डी नसली तर उत्तम. रोज पँटीलायनर लावून बसू नका, त्याने ओल कोंडते. धुताना पावडर दोन पाण्यांतून निघाली पाहिजे. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि घाटावर, कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि दमट चड्डी तशीच घातली जाते. तिला आतल्या बाजूने इस्त्री फिरवा. भात लावणीच्या दिवसांत आमच्या ओपीडीत जांघा सोललेल्या बायकांची रांग लागते. सकाळपासून गुडघाभर चिखलात, ओलं लुगडं दिवसभर मांड्यांना चिकटलेलं. त्यांना मी एवढंच सांगते, की जाताना जांघेत खोबरेल तेल किंवा पेट्रोलियम जेली चोपडून जा, घरी पोचल्यावर चूल पेटवायच्या आधी लुगडं बदला. (तेल आणि जेली निरोधच्या रबराला खराब करतात, तेव्हा वेळ सांभाळून.)

केस काढलेच पाहिजेत असं नाही. ते घासण्यापासून त्वचेचं रक्षण करतात. वाढले तर कात्रीने बारीक करा. रेझरने बारीक पुटकुळ्या आणि आत वळलेले केस, क्रीमने भाजणं, या दोन्ही गोष्टी नेहमी बघायला मिळतात. खाज चालू असताना यातलं काही नको.

सासूबाईंनाही खाज असेल तर त्यांचं वेगळं. घरात विचारून पाहा, सांगतील असं नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, अस्तर पातळ आणि कोरडं पडतं, आम्ल घटतं, लघवीला घाई आणि जळजळ सुरू होते. त्यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम असतं, अगदी थोड्या मात्रेत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. आणि त्या वयात रात्रीची असह्य खाज, योनीच्या ओठांवर सिगारेटच्या कागदासारखी पांढरी, सुरकुतलेली त्वचा दिसली तर लायकेन स्क्लेरोसस नावाचा त्वचारोग असू शकतो. गंमत बघा, तुमच्या ट्यूबमधलं क्लोबेटासोल, जे गजकर्णात घात करतं, तेच इथे मुख्य औषध आहे, आणि महिनोन्‌महिने देखरेखीखाली लावावं लागतं. उपचार न करता सोडलं तर तिथे कॅन्सर होण्याची थोडी शक्यता असते. म्हणून 'शेजारणीला लागू पडली' ती ट्यूब तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

तुम्ही आता करायचं ते असं. आजपासून वॉश, अँटिसेप्टिक आणि ट्यूब तिन्ही बंद. ट्यूब बंद केल्यावर पहिले काही दिवस खाज आणि लाली उलट वाढेल. दबलेलं वर येतंय, त्याने घाबरून पुन्हा ट्यूब हातात घेऊ नका. थंड पाण्याची घडी, कोरडेपणा असेल तर खोबरेल तेलाचा हात, नखं कापलेली. त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. जाताना ट्यूब बरोबर घ्या, फेकून देऊ नका, आणि आदल्या दोन दिवसांत तिथे काहीही लावू नका. त्वचा काचेच्या पट्टीवर खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात बघितली की बुरशी आहे की नाही हे थोड्या वेळात कळतं. तशी तपासणी होते का, हे विचारायला संकोचू नका. स्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जाल तेव्हा आत बघण्याची तपासणी करून घ्या. नुसतं ऐकून चिठ्ठी लिहिली जात असेल तर 'बघून सांगा' म्हणा. तिशी ओलांडलेल्या बाईने गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी तशीही करून घ्यायची असते, तीही त्याच वेळी उरकून टाका. बाई डॉक्टर हवी असेल तर तसं आधी फोनवर विचारा, आणि पुरुष डॉक्टर असतील तर नर्स खोलीत असायलाच हवी, तो तुमचा हक्क आहे.

आणि मुलगी. तिला पहिल्या पाळीआधी वर्ष-दोन वर्षं थोडा पांढरा स्राव येतो. तो तिला दिसायच्या आत तिला सांगा, नाहीतर ती आजार समजून चड्डी लपवेल. अवयवांना नावं द्या, 'तिथे' आणि 'शी' असं नको. आत काही घालायचं नाही, बाहेरून पाणी, पुढून मागे, एवढं पुरे. तिला आणखी लहान बहीण असेल आणि रात्री ढुंगण खाजवत असेल तर जंत शोधा. छोट्या मुलीला घाण वासाचा किंवा रक्ताचा स्राव आला तर मात्र लगेच डॉक्टर.

पाळी सुरू झाली की पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, रक्त कमी असलं तरी. कापड वापरायचं तर काहीच कमीपणा नाही, पण ते साबणाने धुऊन उन्हात, उघड्यावर वाळलं पाहिजे. साडीच्या घडीखाली, बाथरूमच्या कोपऱ्यात लपवून वाळवलेलं कापड त्रास देतं. हे तिला सांगायच्या आधी घरातल्या दोरीवर तुम्ही स्वतः तशी जागा करा. तिच्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात दोन पॅड, एक चड्डी आणि वापरलेला पॅड गुंडाळायला जुना कागद ठेवून द्या. मोठी झाली की कप वापरायचा का, ते ती ठरवेल.

आणि १२ व्या वर्षी एक काम अगदी वेळेवर होईल: एचपीव्हीची लस. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूविरुद्ध ती आहे, ९ ते १४ वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस बसतात, पंधरा पूर्ण झाली की तीन लागू शकतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची भारतीय लस २०२३ पासून बाजारात आहे. तुम्ही स्वतःच्या तपासणीला जाल तेव्हा तिलाही बरोबर न्या आणि पहिला डोस त्याच फेरीत देता येईल का ते विचारा.